‘मस्त आहे, बघाच!’ एवढ्यावर कुणी बघत नाही

प्रश्न थोडक्यात असा: गोव्यात डिचोली तालुक्यातल्या एका वाचनालयाने दाराजवळ फळा लावला आहे. सभासदांनी पाहिलेल्या चित्रपटांबद्दल आणि वाचलेल्या कॉमिक्सबद्दल चिठ्ठ्या लिहून तिथे टाचायच्या. पहिले दोन महिने चिठ्ठ्यांना जागा पुरेना, आता फळा ओस पडला आहे. उरल्यासुरल्या चिठ्ठ्यांवर ‘अप्रतिम’, ‘चुकवू नका’, ‘पाचपैकी साडेचार’ असं लिहिलेलं. त्या वाचून कुणी काही पाहिलं किंवा घरी नेलं, असं घडत नाही. एकाने शेवट फोडला म्हणून वादही झाला. तर चिठ्ठी लिहायची कशी आणि फळा चालवायचा कसा?

मत आणि शिफारस यांची गल्लत झाली आहे, दुखणं तिथे आहे. ‘मला आवडलं’ हे मत. ते सांगायला समोर कोण उभं आहे हे ठाऊक असण्याची गरज नसते. शिफारस करताना मात्र तुम्ही दुसऱ्याच्या संध्याकाळचे दोन तास मागत असता. ती व्यक्ती कोण, तिला काय चालतं, ती कशावर बघणार, इंग्रजी किती वेगाने वाचते, हे डोक्यात ठेवूनच लिहावं लागतं. ‘अप्रतिम’ या शब्दातून लिहिणाऱ्याचा उत्साह कळतो, वाचणाऱ्याच्या हाती काहीच पडत नाही. साडेचार ताऱ्यांचंही तेच. महिनाभरातल्या सगळ्या चिठ्ठ्या काढून बघा, बहुतेकांवर चार किंवा साडेचार असतील, कारण नावडलेल्या गोष्टीवर चिठ्ठी लिहायचे कष्ट कोणी घेत नाही. तारे बंदच करा.

चिठ्ठी पोस्टकार्डाएवढी, मजकूर 60 ते 80 शब्दांचा. पहिल्या ओळीत कोरडी माहिती: नाव, साल, मूळ भाषा, उपशीर्षकं कुठल्या भाषेत, लांबी मिनिटांत, आणि कुठे मिळेल. ही ओळ लोक हमखास गाळतात, आणि तीच नसल्यामुळे शिफारस वाया जाते. ‘सेव्हन समुराई’ (1954) 207 मिनिटांचा आहे. चित्रपटातच मध्यंतर आहे, म्हणजे दोन बैठकींत बघायला हरकत नाही. हे लिहिलं तर माणूस रविवारी दुपारी लावेल. नाही लिहिलं तर रात्री साडेनऊला जेवून लावेल, पहिल्या तासात झोपेल आणि ‘संथ आहे’ म्हणत सुटेल. चित्रपट एकत्र बसून बघणार असाल तर हा हिशेब आणखी महत्त्वाचा. संध्याकाळी साडेपाचला सुरू केलेला तो चित्रपट नऊच्या आसपास संपणार, आणि आठनंतर आपल्याकडे बसगाड्या विरळ होतात हे कुणाला सांगायला नको. (एकत्र दाखवण्यासाठी हक्कधारकाची परवानगी लागते. घरगुती वर्गणीत किंवा घरासाठीच्या डीव्हीडीत ती येत नाही.)

उपशीर्षकांबद्दल जरा सविस्तर बोलायला हवं. पडद्याखाली एका वेळी फार तर दोन ओळी येतात आणि काही सेकंदांत जातात. मराठी माध्यमात शिकलेल्या साठीतल्या वाचकाला इंग्रजी समजतं, पण त्या वेगाने नाही. दहा मिनिटांत त्याची नजर खाली चिकटते आणि चित्र बघायचं राहूनच जातं. म्हणून चिठ्ठीवर ‘संवाद कमी’ किंवा ‘सतत बोलणं आहे’ एवढं तरी लिहा. अशा वाचकासाठी कधीकधी कॉमिक हा उत्तम मार्ग असतो, कारण पान उलटण्याचा वेग त्याच्या हातात राहतो. मार्जान सत्रापी यांचं ‘पर्सेपोलिस’ दोन्ही रूपांत आहे. 1979 च्या क्रांतीनंतरच्या इराणमध्ये वाढणाऱ्या मुलीची ती आत्मकथा. 2007 चा चित्रपट त्यांनी स्वतः व्हिन्सां पारोनो यांच्यासोबत दिग्दर्शित केला. मूळ फ्रेंच बोलपटाची इंग्रजी उपशीर्षकं ज्याला दमवतील, त्याच्या हातात पुस्तक द्या. एकाच चिठ्ठीवर दोन्ही पर्याय लिहिता येतात.

दुसऱ्या ओळीपासून खरं लेखन सुरू होतं. तिथे एक दृश्य किंवा एक चौकट जवळून दाखवायची. विशेषणं नकोत, गोष्टीचा सारांशही नको.

टिनटिनचा ‘द कास्टाफिओरे एमराल्ड’ (1963) घ्या. ‘टिनटिनचं साहसी कॉमिक, मुलांना आवडेल’ असं लिहिलं तर शिफारस फसलीच समजा. या पुस्तकात टिनटिन कुठेही जात नाही. सगळा मामला कॅप्टन हॅडॉकच्या वाड्यात घडतो. जिन्याची एक संगमरवरी पायरी फुटली आहे. गवंड्याला निरोपावर निरोप जातात, तो येतो म्हणतो आणि येत नाही. दरम्यान जो तो त्या पायरीवरून घसरतो. गायिका कास्टाफिओरे राहायला येणार हे कळताच पळ काढायला निघालेला हॅडॉकही घसरतो, पाय मुरगळून चाकाच्या खुर्चीत अडकतो आणि तिच्या तावडीत सापडतो. आता आपल्या वाचकासाठी चिठ्ठी अशी होईल: ‘घराचं काम काढलंय आणि गवंडी रोज “फाल्यां येतां” म्हणतोय? मग हे वाचा. पाठलाग नाही, गोळीबार नाही, परदेशवारी नाही. एक फुटकी पायरी, एक पाहुणी आणि पुरता वैतागलेला यजमान. टिनटिन कधीच वाचला नसेल तर मात्र यापासून सुरुवात करू नका, कारण ही सगळी माणसं आधीपासून ओळखीची असली तरच गंमत येते.’ कोणी घ्यावं, कोणी घेऊ नये आणि चव कशी आहे, सगळं आलं. पाचू कुणी चोरला हे कुठेही आलं नाही, आणि त्याची गरजही पडली नाही.

चित्रपटाचं उदाहरण ‘कोर्ट’ (2014) चं. चैतन्य ताम्हाणे यांचा हा चित्रपट मराठी, हिंदी, गुजराती, इंग्रजी अशा मिश्र भाषांत आहे, लांबी 116 मिनिटं. नाव वाचून लोकांना उलटतपासणी, टेबलावर आपटलेली मूठ, ‘तारीख पे तारीख’ची आरोळी अपेक्षित असते. इथे कॅमेरा लांबून, न हलता बघत राहतो आणि सरकारी वकीलबाई कायद्याचा उतारा एकसुरात वाचत राहतात. एका प्रसंगात बाईने बिनबाह्यांचा पोशाख घातला आहे म्हणून न्यायाधीश तिचं प्रकरण ऐकायलाच नकार देतात आणि पुढे ढकलतात. शिफारस करताना हाच प्रसंग द्या. ‘मामलेदार कचेरीत मुंडकार खटल्याच्या किंवा कोर्टात इन्व्हेंटरीच्या तारखांना ज्याने चपला झिजवल्या आहेत, त्याला यातली प्रत्येक खुर्ची ओळखीची वाटेल, ज्याला निकालाची उत्कंठा हवी आहे, त्याने सोडून द्यावा.’ (मुंडकार म्हणजे दुसऱ्याच्या जमिनीवर घर करून राहणारा, इन्व्हेंटरी म्हणजे वारसांतली मालमत्तेची वाटणी.) ‘वास्तववादी’, ‘विचार करायला लावणारा’ हे शब्द टाळा. त्यांना आता ‘कंटाळवाणा पण चांगला’ असा वास येऊ लागला आहे.

‘यासारखं’ ही तुलना वापरायला हरकत नाही, पण तुलना कशात आहे ते लिहा. विनोदात, वेगात, दिसण्यात की विषयात? ‘जंगल आहे म्हणून तो आवडला तर हाही आवडेल’ हा निकष कामाचा नाही. लक्ष्मीकांत शेटगांवकर यांच्या ‘पलतडचो मनीस’ (2009) या कोंकणी चित्रपटात जंगल आहे आणि नायक वनरक्षक आहे, तरी तो वन्यजीवांच्या गोष्टी आवडणाऱ्यासाठी नाही. पत्नी गेल्यानंतर एकटा पडलेला माणूस, जंगलात भटकणारी मनोरुग्ण बाई, आणि त्या दोघांकडे बघणारा गाव, असा त्याचा ऐवज. एकटेपणाच्या गोष्टी ज्याला भावतात त्याला सांगा. टोरोंटो महोत्सवात त्याला समीक्षकांचा फिप्रेस्सी पुरस्कार मिळाला होता. तो उल्लेख चिठ्ठीत शेवटी, एका ओळीत. पुरस्काराने चिठ्ठी सुरू केली की अर्ध्या लोकांना तो चित्रपट म्हणजे गृहपाठ वाटतो.

बघण्याची परिस्थितीही लिहावी लागते. श्याम बेनेगल यांचा ‘त्रिकाल’ (1985) आपल्याकडे वारंवार सुचवला जातो, कारण त्याचं चित्रीकरण लोटलीला व्यंगचित्रकार मारिओ मिरांडा यांच्या घरात झालं आहे. त्यात दोन घोटाळे हमखास होतात. एक, ‘गोव्याचा चित्रपट’ म्हटल्यावर लोक कोंकणी समजतात; तो हिंदी आहे आणि काळ मुक्तीच्या तोंडावरचा, 1961 चा. दुसरा घोटाळा उजेडाचा. अशोक मेहता यांच्या छायाचित्रणात घराच्या आतली कितीतरी दृश्यं मेणबत्तीच्या मंद प्रकाशातली आहेत. दुपारी बाल्कांवात, म्हणजे घरापुढच्या ओट्यावर, बसून फोनवर लावला तर काळ्या पडद्यावर स्वतःचं तोंड दिसेल. ‘रात्री, दिवे मालवून, मोठ्या पडद्यावर’ हे पाच शब्द चिठ्ठीवर असायलाच हवेत.

कॉमिक्सच्या चिठ्ठीत काही जास्तीच्या गोष्टी लागतात.

आधी क्रम. टिनटिनमध्ये जोडपुस्तकं आहेत. ‘द सीक्रेट ऑफ द युनिकॉर्न’ आधी, ‘रेड रॅकहॅम्स ट्रेझर’ नंतर. ‘डेस्टिनेशन मून’ आधी, ‘एक्सप्लोरर्स ऑन द मून’ नंतर. वाचनालयात हटकून उलटं होतं, कारण ‘रेड रॅकहॅम’च्या मुखपृष्ठावर शार्कच्या आकाराची पाणबुडी आहे आणि पोरं तीच उचलतात. चिठ्ठीवर ‘भाग 2, आधी अमुक वाचा’ असं लिहा, आणि पुस्तकाच्या आतल्या पुठ्ठ्यावरही एक पट्टी चिकटवा. लांब मालिकेत कुठून सुरुवात करावी हे सांगणं, ही तर जाणकाराने करावी अशी सर्वांत उपयोगी शिफारस. अॅस्टेरिक्सबद्दल विचाराल तर माझं मत सरळ आहे: रेने गॉसिनी 1977 मध्ये वारले, त्यांनी लिहिलेली पुस्तकं आधी संपवा. चित्रकार उदेर्झो यांनी पुढे एकट्याने केलेल्या पुस्तकांत चित्रं तितकीच देखणी आहेत, पण लेखनातली धार कमी झाली आहे.

मग आकार. टिनटिनच्या तीन कथा एका पुठ्ठाबांधणीत घातलेली छोट्या आकाराची आवृत्ती मिळते. जागा कमी लागते, पण मूळच्या मोठ्या पानासाठी केलेलं अक्षरलेखन त्यात इतकं बारीक होतं की चाळिशी लागलेला माणूस दुसऱ्या पानावर पुस्तक मिटतो आणि दोष टिनटिनला देतो. कुठली आवृत्ती ते लिहा.

वाचायची दिशा. जपानी मांगा बहुधा उजवीकडून डावीकडे वाचायची असते, म्हणजे आपल्या दृष्टीने मागच्या पानापासून. काही इंग्रजी आवृत्त्यांत पानं उलटी करून डावीकडून केलेली असतात, म्हणून लिहिण्याआधी हातातली प्रत उघडून बघा. आंबेडकरांवरच्या ‘भीमायन’ (2011) या पुस्तकात वेगळीच अडचण येते. दुर्गाबाई आणि सुभाष व्याम यांनी ते गोंड शैलीत चितारलं आहे आणि चौकोनी चौकटी टाळल्या आहेत. पानाची विभागणी वळणदार नक्षीपट्ट्यांनी होते आणि बोलण्याच्या फुग्यांचे आकारसुद्धा बोलणाऱ्याच्या स्वभावाप्रमाणे बदलतात. चौकटींच्या सवयीचा वाचक पहिल्या चार पानांत चाचपडतो. ‘घाई करू नका, आधी अख्खं पान बघा, मग वाचा’ ही सूचना दिली की तोच वाचक रमतो.

चित्रांबद्दल लिहायचं म्हटलं की लोक ‘चित्रं छान’ यापलीकडे जात नाहीत. आपल्याकडे त्यासाठी आयती मोजपट्टी आहे: मारिओची रेष प्रत्येकाच्या डोळ्यांत बसलेली आहे. तिच्याशी तुलना करा. मारिओच्या बाजारात माणसं, कुत्री, कावळे, कौलं सगळ्यांची दाटी, नजर भटकत राहते. टिनटिनकार एर्जे यांची रेष सगळीकडे साधारण एकाच जाडीची, छायेच्या रेघोट्या जवळजवळ नाहीत, त्यामुळे नजर न अडखळता पुढे सरकते. आर्ट स्पीगलमन यांच्या ‘माउस’मध्ये काळी, खडबडीत, दाटीवाटीची पानं आहेत. ती छापील आकारातच काढलेली असल्याने शाईचा जोर जसाच्या तसा दिसतो. वाचकाला तिन्हींतला फरक लगेच कळेल.

‘माउस’वरून वयाचा मुद्दा येतो. चित्रपटाला निदान प्रमाणपत्र असतं, आणि 2024 पासून यूएमध्येही 7+, 13+, 16+ असे टप्पे झाले आहेत. कॉमिक्सना असं काही नाही, आणि ‘चित्रांचं पुस्तक म्हणजे मुलांचं’ हा समज घट्ट आहे. मुखपृष्ठावर उंदीर दिसला की आजोबा ते आठ वर्षांच्या नातवासाठी नेतात. आत नाझी छळछावण्या आहेत. ज्यू उंदीर, जर्मन मांजरं. 1992 मध्ये पुलित्झर समितीने त्याला खास पुरस्कार दिला तो बालसाहित्य म्हणून नव्हे. ‘पर्सेपोलिस’मध्येही मुलगी लहान आहे, पण छळाची चित्रं आहेत. तेव्हा ‘हिंसा आहे’ एवढं मोघम लिहिण्यापेक्षा काय आहे ते लिहा: मारहाण, छळ, आत्महत्या, नग्नता, प्राण्याचा मृत्यू. कुणाला काय टोचेल हे पालक स्वतः ठरवतील. कुत्रा मेलेला चालत नाही असे वाचक तुमच्या वाचनालयात खुनांची पर्वा करणाऱ्यांपेक्षा जास्त निघतील, हेही खरं.

आता शेवट फोडण्याचं भांडण. ठोकळ नियम असा ठेवा: पहिल्या चतुर्थांशात जे घडतं तेवढंच लिहायचं. दोन तासांच्या चित्रपटात पहिली तीस मिनिटं, 62 पानी कॉमिकमध्ये साधारण पंधराव्या पानापर्यंत. त्यापुढचं सांगायचंच असेल तर चिठ्ठीच्या मागच्या बाजूला, वर ‘पाहून झाल्यावर’ असं लिहून. आणि ‘शेवटी जबरदस्त धक्का आहे’ हेही लिहू नका. शेवट सांगितला नसला तरी वाचक पहिल्या दृश्यापासून धक्क्याची वाट बघत बसतो आणि बहुधा अर्ध्यातच ओळखतो. ‘धक्का आहे’ हे सांगणं म्हणजे धक्का फोडणंच.

लहानपणच्या आवडीवरून शिफारस करण्याआधी ती गोष्ट पुन्हा वाचा. इंद्रजाल कॉमिक्स 1964 ते 1990 या काळात निघत होती. मराठीतही येत, आणि वेताळाचं (फँटमचं) नाव काढलं की पन्नाशीपुढचे सभासद हळवे होतात. पण तीच गोष्ट आज वाचली तर जंगलातल्या आफ्रिकी माणसांवर राज्य करणारा गोरा वेताळ खटकतो. ‘टिनटिन इन द काँगो’ तर उघडच वसाहतवादी आहे. लपवू नका, बंदीही नको. ‘त्या काळच्या चष्म्यातून लिहिलं आहे, मुलांसोबत बसून वाचा’ असं लिहिलं की झालं. पुन्हा वाचायला प्रतच मिळत नसेल तर चिठ्ठीत ‘तीस वर्षांपूर्वी वाचलं’ असं स्पष्ट म्हणा.

गोव्यासारख्या ठिकाणी आणखी एक अडचण येते. चित्रपट कोंकणी असो वा मराठी, कुणीतरी आपल्या वाड्यावरचं त्यात असतं. दिग्दर्शक मावसभावाचा मित्र, नायिका शेजारच्या बाईंची भाची. तसं असेल तर चिठ्ठीत तेवढं लिहून टाका: ‘यात माझी ओळखीची माणसं आहेत.’ मग काय हवं ते लिहा. आणि ‘आपला आहे म्हणून बघा’ असं कधीच लिहू नये. त्यातून वाचकाला एवढंच कळतं की चित्रपटात दुसरं सांगण्यासारखं काही सापडलं नाही. फसलेल्या चित्रपटातही एखादी गोष्ट जमलेली असते: फोंड्याच्या बाजारातली बोली अचूक पकडलेली, एखादं गाणं, म्हातारीचं काम करणारी तियात्रातली (कोंकणी नाटकातली) नटी. ती नावानिशी सांगा आणि बाकीचं जमलं नाही हेही सांगा.

नावडल्याच्या चिठ्ठ्या फळ्यावर मुद्दाम लावायला लावा. नीट लिहिलेली नाराजी दुसऱ्यासाठी शिफारस ठरते. ‘दीड तास दोघं नुसती बोलतात, काहीच घडत नाही’ हे वाचून गप्पांचे चित्रपट आवडणारा माणूस तोच चित्रपट शोधत येईल. अट एकच, नाराजीचं कारण वस्तूत दाखवता आलं पाहिजे. ‘फालतू’ लिहिलेली चिठ्ठी परत करा.

प्रत्येक चिठ्ठीखाली नाव हवंच. पाच-सहा चिठ्ठ्यांनंतर वाचकाला कळतं की अमक्या बाईंची आवड आपल्याशी जुळते आणि तमक्या काकांना जे आवडतं ते आपल्याला हमखास नकोसं वाटतं. दुसरी माहितीही पहिलीइतकीच उपयोगी. चिठ्ठीच्या तळाला दोन रकाने आखा, ‘बघितलं/वाचलं’ आणि ‘पटलं की नाही’, आणि तिथे इतरांनी फक्त खूण करायची. फळ्यावर एका वेळी बारापेक्षा जास्त चिठ्ठ्या नकोत. दीड महिन्यात एकही खूण नसलेली काढा, आणि काढलेल्या फेकू नका. वहीत चिकटवल्या की वर्षभरात तुमच्या वाचनालयाची स्वतःची सूची तयार होते.

नोव्हेंबरात इफ्फी या आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवाच्या दिवसांत मात्र दीड महिना म्हणजे फार झाला. 2004 पासून महोत्सव पणजीत भरतो, तेव्हा तालुक्यातून जाणारे असतातच. त्यांच्या चिठ्ठ्यांवर पहिली ओळ एकच: दुसरा खेळ आहे का, कधी, कुठल्या पडद्यावर. दुसरा खेळ नसेल तर ती चिठ्ठी वेगळ्या कोपऱ्यात, ‘पुढे कुठे मिळाला तर’ या मथळ्याखाली. नाहीतर लोक मांडवी ओलांडून जातात आणि हात हलवत परत येतात.

राहता राहिला फळा स्वतः. आपल्या पावसाळ्यात जेल पेनची शाई दमट कागदावर पसरते, म्हणून बॉलपेन किंवा पेन्सिल. लोखंडी टाचण्या जूनमध्ये लावल्या तर ऑगस्टपर्यंत गंजून चिठ्ठीवर तांबडे डाग पाडतात. पितळी किंवा प्लॅस्टिकच्या डोक्याच्या वापरा. आणि शिफारस केलेलं गुळगुळीत कागदाचं कॉमिक भिजून परत आलं तर मिटलेलं वाळवू नका. तो कागद वाळताना एकमेकांना असा चिकटतो की नंतर सोडवताना चित्रच फाटतं. ओलं असतानाच पानं हलक्या हाताने सुटी करा, मध्ये साधे कोरे कागद घाला, ते दर काही तासांनी बदला आणि पंख्याखाली उभं करून ठेवा.